रझाकारीची अर्धी गोष्ट



या व्याख्यानासाठी इतिहासावर बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांवर बोलण्याचा मोह मला झाला होता. तो विषय निर्धोक आहे. चालुक्य आज कोणाच्या वर्मी लागत नाहीत. परंतु आपल्या मुडबी परिसरातील मुलांच्या मोबाईलवर जे काही फिरते ते पाहिले आणि विषय बदलला. तरुण मन कडवे कसे होते, याचा आपल्याच मातीतला इतिहास आज सांगावयाचा आहे.

माझ्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे ‘रझाकारी’ हा शब्द कालगणनेसारखा वापरीत. अमक्याचे लग्न रझाकारीच्या आधीचे, तमकी विहीर रझाकारीनंतरची. इसवी सन कोणी सांगत नसे. त्या शब्दामागे काय दडले आहे हे विचारले, की गोष्ट सुरू होई. पण ती नेहमी एका ठिकाणी येऊन थांबे. ते ठिकाण कोणते, ते पुढे सांगतो.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था १९२७ साली स्थापन झाली. १९३८ नंतर बहादूर यार जंग या असामान्य वक्त्याने तिला लोकांपर्यंत नेले. हैदराबादची सत्ता एकट्या निजामाची नसून संस्थानातील प्रत्येक मुसलमानाची आहे, हा तिचा सिद्धांत. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, अशा पोराला हे ऐकून काय वाटले असेल? काल तो कोणी नव्हता. आज तो राज्याचा वाटेकरी झाला. १९४४ साली बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये संघटनेची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आली. मग त्या पोराला गणवेश मिळाला, कवाईत मिळाली, हत्यार मिळाले. शेजारच्या प्रांतांतून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांच्या कहाण्या कानांवर पडू लागल्या. त्यांतील दुःख खोटे नव्हते. त्याचा उपयोग मात्र सूडाचे सरपण म्हणून झाला.

दुसऱ्या बाजूलाही तरुण पेटत होते. उदगीरचे आर्य समाजी नेते श्यामलाल १९३८ साली बीदरच्या तुरुंगात मृत्यू पावले, आणि त्या बातमीने अनेक तरुणांचे आयुष्य वळले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी नागपूर गाठले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. दोन्ही बाजू सारख्याच होत्या असे मी मुळीच म्हणत नाही. एका बाजूस राज्यसत्तेचे पाठबळ होते, दुसरी नागरिकत्वाचे हक्क मागत होती. तरी आखाडा, वसतिगृहाची खोली, कवाईतीचे मैदान या जागांत एक साम्य होते: तिथे आपल्यासारखेच सारे भेटत आणि आपल्यासारखेच बोलत. विचार पुष्कळदा मागाहून येई. सोबत आधी मिळे.

मे १९४८ मध्ये आपल्याच तालुक्यातील गोर्टा या गावावर रझाकार चालून आले. सुमारे दोनशे माणसे मारली गेली असे सांगितले जाते. त्याच वर्षी २२ ऑगस्टला हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. ज्या हाताने लिहिले तो हात मारेकऱ्यांनी तोडला. बंद वर्तुळाला सर्वांत मोठी भीती आपल्यातल्याच वेगळे बोलणाऱ्याची असते, हे या खुनावरून मला कळले.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत आले, १७ला निजामाने शरणागती पत्करली. घरातील गोष्ट नेमकी इथे थांबत असे.

ती पुढे आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगावी मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना भारत सरकारने पाहणीसाठी पाठविले. बळींची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड आणि आपला बीदर यांची नावे आहेत. हा अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला. शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख त्यात आहे. म्हणजे आपल्या भागातील क्रौर्य झाकताना आपण माणुसकीही झाकून टाकली!

या अर्ध्या गोष्टी आता मोबाईलमध्ये गेल्या आहेत. एका गटात फक्त गोर्टा, दुसऱ्या गटात फक्त सप्टेंबरनंतरचे दिवस. दोन्हीकडचे दुःख खरे आहे, म्हणूनच त्याची धार भयंकर आहे. पूर्वी आखाडा कोठे आहे हे बापाला ठाऊक असे. आताचा आखाडा पोराच्या उशाखाली असतो. तिथे टोपणनावे असतात, बाहेरच्याला न कळणारे विनोद असतात, आणि एकदा पाहिले त्याच जातीचे दुसरे चित्र यंत्र स्वतःहून पुढे आणून ठेवते.

मे २०१४ मध्ये कल्याणचे (आपले नव्हे, मुंबईजवळचे) चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि ‘इस्लामिक स्टेट’ला जाऊन मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणाऱ्या ॲपच्या प्रकरणात मुंबई आणि दिल्लीच्या पोलिसांनी वेगवेगळ्या राज्यांतून विशीच्या आसपासची मुले पकडली. त्यांत एक मुलगीही होती. त्यांची ओळख जुळली होती ती पडद्यावर.

हे दूरचे वाटत असेल, तर औराद तालुक्यातील मुरकी आठवा. १३ जुलै २०१८ रोजी हैदराबादहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने रस्त्यावरील मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणारी टोळी आली, अशी आवई उठली. चित्रफीत व्हॉट्सॲपवरून मोटारीच्या पुढे धावली. मुरकीला रस्ता अडवून जमावाने एका तरुण अभियंत्याला ठार मारले. सोडवू पाहणारे पोलीसही जखमी झाले. त्याआधी बाराच दिवस धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला अशाच अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा जाहीर केली: एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पुढे पाठविता येणार नाही. मुरकीच्या जमावातील बहुतेकांच्या मनात कोणताही सिद्धांत नव्हता. त्यांना तो लागलाही नाही.

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मी गोर्ट्याविषयी विचारले. जवळजवळ सर्व हात वर गेले. सुंदरलाल कोण, असे विचारले तेव्हा वर्ग गप्प. मागच्या बाकावरील एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, आमच्या आजीला माहीत आहे, पण ती सांगत नाही.”

अठ्ठेचाळीस साली पाच-सहा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. दोन-तीन जण या मंडपातही बसलेली मला दिसत आहेत. दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. मराठी, कन्नड, उर्दू, कोणत्याही भाषेत लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, मुले लिहून घेतील. मागच्या बाकावरील तो मुलगा तिथेच बसला आहे.