जांघेतली धमनी: शिवायची की बांधून टाकायची?

आजचा एपिसोड थोडा रक्तबंबाळ आहे. जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मग ऐका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांची अँजिओग्राफी झाली. जांघेतून. नळी काढल्यावर एक तरुण डॉक्टर बाबांच्या जांघेवर बोटं रोवून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तो हलेना. न राहवून मी विचारलं, "डॉक्टर, घट्ट पट्टी बांधली तर नाही का चालत?" तो हात तसाच ठेवून म्हणाला, "ही पायाची मुख्य धमनी आहे. हिच्यावर बोटंच लागतात."

बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. ही धमनी जवळपास करंगळीएवढी जाड, आणि जांघेत कातडीच्या अगदी जवळ. ती फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. आणि फुटली त्याच जागी पू झालेला असेल तर? तेव्हा सर्जन काय करतो? हे शोधता शोधता मी थेट अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोचलो.

तेव्हा धमनीचा आजार म्हणजे बहुतेकदा फुगा. धमनीची भिंत एका जागी कमजोर होते, फुगत जाते आणि एक दिवस फुटते. १७८५ साली जॉन हंटर या सर्जनकडे एक घोडागाडीवाला आला. त्याच्या गुडघ्यामागे असा फुगा होता. अशा वेळी पाय कापणं हा एक नेहमीचा उपाय. हंटरने फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती, तिथे ती दोऱ्याने बांधली. आता पाय काळा पडणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण पाय जगला! हायवे बंद झाला की गाड्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढतात ना, तसंच रक्ताने बारीक वाहिन्यांमधून वाट काढली.

आता फुगा खुद्द जांघेतच असेल तर? मग आणखी वर, ओटीपोटात शिरावं लागणार. १७९६ मध्ये जॉन ॲबर्नेथीने ते धाडस केलं. सुरुवातीला त्याच्या हाती अपयश आलं, पण पुढे त्याचे रुग्ण वाचले. १८०८ साली ॲस्टली कूपरने हीच शस्त्रक्रिया केली आणि तो रुग्ण पुढे १८ वर्षं जगला. त्याच्या मृत्यूनंतर कूपरने तो पाय तपासला. त्या 'गल्ल्या' आता चांगल्या रुंद झाल्या होत्या.

याच कूपरची एक गोष्ट मात्र चटका लावून जाते. १८१७. गायज हॉस्पिटल. एक हमाल आला. त्याच्या जांघेत मोठा फुगा, वरची कातडी सडलेली आणि तिथून रक्त वाहतंय. म्हणजे आपला आजचा विषय जसाच्या तसा. भूल देण्याचा शोध अजून लागलेला नाही. जंतू ही कल्पनाच नाही. कूपरने त्याच्या पोटात शिरून थेट महाधमनी बांधली. असं जगात पहिल्यांदाच होत होतं. रक्त थांबलं, पण तो माणूस सुमारे ४० तासच जगला.

त्या काळात खरा घात पू करायचा. धमनी बांधली की दोऱ्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवत. जखमेत पू होई, काही दिवसांनी दोरा सुटून येई, आणि नशीब खराब असेल तर त्याच्यामागून रक्ताची चिळकांडी. ऑपरेशन यशस्वी, आणि दहाव्या दिवशी रुग्ण गेला, असं व्हायचं.

हे बदललं जोसेफ लिस्टरने. १८६८ साली जांघेत फुगा असलेल्या एका बाईची ओटीपोटातली धमनी त्याने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या रेशमी धाग्याने बांधली, टोकं आखूड कापली आणि जखम बंद केली. जखम नीट भरली. काही महिन्यांनी ती बाई दुसऱ्याच एका फुग्याने गेली, पण पू टाळता येतो हे दिसलं होतं.

मग १९०२ मध्ये अलेक्सी कॅरेलने धमनी शिवायची रीत मांडली. तीन टाके घेऊन गोल तोंडाचा त्रिकोण करायचा आणि सरळ कडा शिवत जायच्या. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे कृत्रिम धमन्याही आल्या. आता बांधायचं कशाला, शिवून टाका! असंच सगळ्यांना वाटलं असणार.

पण पू झालेल्या जागी हे शिवणकाम टिकत नाही. ओल मुरलेल्या भिंतीत खिळा ठोकून बघा. भिंतच भुगा होऊन हातात येते. जंतूंनी पोखरलेली धमनी तशीच टाका धरत नाही. आणि कृत्रिम नळी टाकली तर जंतू तिच्यावरच मुक्काम ठोकतात.

१९६३ साली रॉबर्ट शॉ आणि आर्थर बाव यांनी यावर एक वेगळी वाट सुचवली. आपल्या कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंना निसर्गाने ठेवलेलं एकेक मोठं छिद्र असतं. नवी नळी पोटातल्या निरोगी धमनीपासून काढायची, त्या छिद्रातून आतल्या आत मांडीत उतरवायची आणि खाली चांगल्या धमनीला जोडायची. पू झालेल्या जांघेला नळीचा स्पर्शही नाही. सरळ वळसा!

आजही क्रम साधारण तोच. आधी वरच्या निरोगी भागात धमनीवर ताबा, मग सडलेला भाग पूर्ण साफ, सोबत अँटिबायोटिक्स. त्यानंतर खरा प्रश्न येतो: नुसती बांधून गल्ल्यांवर भरवसा ठेवायचा, की पायाला रक्त पोचवायला नवी वाट काढायची? बांधलं तर पाय जाण्याचा धोका. नवी वाट काढली तर तिलाही जंतू लागून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका. यावर सर्जन मंडळी अजून वाद घालतात. प्राण आधी, पाय नंतर, यावर मात्र एकमत आहे.

आज असे रुग्ण कोण असतात? काहींच्या जांघेत आधी बायपासची नळी बसवलेली असते. आणि बरेच जण आपल्या वयाचे, जांघेत नशेचं इंजेक्शन घेणारे. लोक काय म्हणतील या भीतीने ते गाठ लपवतात आणि फार उशिरा येतात. म्हणून आज हे सांगतोय. तुमच्या ओळखीत कुणाच्या जांघेत दुखरी, ठोके जाणवणारी गाठ असेल तर 'गळू आहे' म्हणून ती पिळू नका, फोडू नका. त्याला लेक्चरही देऊ नका. हॉस्पिटलमध्ये न्या. आणि रक्त सुटलंच, तर स्वच्छ कापड ठेवून सगळा जोर लावून दाबा, १०८ला फोन करा, आणि 'थांबलं का' बघायला हात उचलू नका.

बाबांच्या खाटेशी उभा असलेला तो डॉक्टर तेच करत होता. त्या दिवशी त्याला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. तो हे ऐकत असेल, तर डॉक्टर, थँक्यू!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.