आद्य शेती व पशुपालन : नांदेड–लातूर परिसर

गोदावरी, मांजरा, तेरणा आणि मन्याड या नद्यांचा नांदेड–लातूर परिसर प्रागैतिहासिक काळातील दोन कृषिपरंपरांच्या मधोमध येतो. एक परंपरा कृष्णा–तुंगभद्रेच्या पठारावर रुजली. दुसरी माळवा व तापी खोऱ्यातून गोदावरी–भीमेकडे उतरली.

दक्षिणेची परंपरा आधीची व मुख्यतः गुराख्यांची. वशिंडाची गुरे बलुचिस्तानातील मेहेरगड परिसरात इ. स. पू. ७००० नंतर माणसाळली गेली. दख्खनमध्ये त्यांचे मोठे कळप इ. स. पू. ३००० च्या सुमारास दिसतात. याचा ठळक पुरावा म्हणजे राखेच्या टेकड्या. महबूबनगर भागातील उटनूर येथे १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी अशी टेकडी खणली, तेव्हा गोठ्याच्या कुंपणाच्या खुंटांचे खळगे आणि गुरांच्या खुरांचे ठसे सापडले. साचलेले शेण वेळोवेळी पेटवले जाई. आच इतकी की राख काही ठिकाणी वितळून काचेसारखी झाली आहे. हे लोक मूग, कुळीथ आणि बारीक भरडधान्ये पिकवत. गहू व जव त्यांच्याकडे नंतर आले.

उत्तरेकडून उतरलेल्या परंपरेच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत गोदावरीकाठी पैठणजवळचे आपेगाव येते; पण सर्वांत बोलके स्थळ पुणे जिल्ह्यातील इनामगाव. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी व ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांच्या या कामातून जव, गहू, मसूर पिकवणाऱ्या आणि पाटाने पाणी देणाऱ्या गावाचे चित्र उभे राहिले. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. पाऊस घटल्याने लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले, असे ढवळीकरांचे मत आहे.

शेती व पशुपालनाच्या या प्रसाराला एकाच स्थलांतराची गोष्ट मानणे चूक आहे. हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरील सांगाड्यातील जनुकांवरील २०१९ च्या अभ्यासानंतर, इराणी शेतकऱ्यांच्या लोंढ्याने भारतात शेती आणली हे मत कमकुवत झाले. माणसे, बियाणे आणि कळप वेगवेगळ्या वाटांनी व वेगवेगळ्या वेळी फिरले. मराठवाड्याची ज्वारी मूळची आफ्रिकेतील, तर तुरीचे रानटी भाऊबंद ओडिशा–बस्तरच्या जंगलात आहेत.

या परिसरातील आजच्या गुरांपैकी कंधारची लाल कंधारी आणि उदगीर–देवणी भागातील देवणी या दोन्ही वशिंडाच्या गुरांच्या जाती आहेत. मात्र त्यांना थेट राखेच्या टेकड्यांच्या काळातील कळपांचे वंशज ठरवता येत नाही. देवणी ही गीर, डांगी व स्थानिक गुरांच्या संकरातून बरीच अलीकडे घडलेली जात मानली जाते.