माळ घालणे (जुन्नर–आंबेगाव)

वारकरी संप्रदायातील व्रतस्वीकार. तुळशीच्या १०८ मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून फडप्रमुखाच्या वा जाणत्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात घालून घेतात. मद्य, मांस, परस्त्री व परद्रव्य वर्ज्य. एकादशी, हरिपाठ आणि पंढरीची वारी हे नेम. असे व्रत घेणारा तो माळकरी.

परंपरा : ओतूर (ता. जुन्नर) येथे कपर्दिकेश्वर मंदिरालगत बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांना माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी ही परंपरा स्वतः तुकोबांनी सांगितली असून बहिणाबाईंनीही ती दिली आहे. केशव व बाबाजी एकच, असेही एक मत आहे. उपदेशाच्या वर्षाबाबत मतभेद आहेत. आळे (ता. जुन्नर) येथे ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी दाखवतात.

सामाजिक परिणाम : माळेला देवाइतकाच गावाचाही धाक असतो. ती गळ्यात दिसते, म्हणून व्रत मोडले तर लपत नाही. हरिनाम सप्ताहात काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन असा दिवस बांधलेला. टाळकऱ्यांच्या रांगेतला माणूस सांजेला आला नाही की विचारणा होते. जत्रेत माळकऱ्याला मटणाचा आग्रह कोणी करत नाही, आणि त्याला दारू पाजणाऱ्यालाच लोक बोल लावतात. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत दारूबंदीचा निश्चय यादवबाबांच्या मंदिरात झाला. तेथे मद्यपींना खांबाला बांधून मारल्याबद्दल अण्णा हजारे यांच्यावर टीकाही झाली. माळेत असा दंड नाही. परवान्याचे दुकान बंद करायला मात्र माळ पुरत नाही. त्यासाठी महिलांच्या मतदानाने बाटली ‘आडवी’ करावी लागते.

मर्यादा : माळ घेणारा बहुधा आधीच सुधारू पाहत असतो, तेव्हा श्रेय माळेचे किती आणि त्याच्या मनाचे किती, हे वेगळे काढणे अवघड. भावकीतले बांधाचे वाद तिने मिटतातच असे नाही. जातिभेदाबाबत तर खुद्द पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

तमाशा : नारायणगाव हे तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्यांचे मोठे केंद्र. यात्रेचा तमाशा आणि हरिनाम सप्ताह एकाच गावात सुखाने नांदतात.

पश्चिम पट्टा : भीमाशंकरकडील महादेव कोळी वस्त्यांतही भजनी मंडळे आहेत.