दोरीवरचे गोश्त

बकरी ईद जवळ आली होती आणि मी वर्गात तकबीर-ए-तशरीक पाठ करून घेत होते. जिलहिज्जाच्या ९ तारखेच्या फजरपासून १३ तारखेच्या असरपर्यंत प्रत्येक फर्ज नमाजनंतर ती म्हणायची, एवढे मुलींना ठाऊक होते. एकीने विचारले, "टीचर, तशरीक म्हणजे काय?" मी बी.एड. झालेली बाई, पण मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन अरबी कोश उघडला. 'शर्क' म्हणजे पूर्व, सूर्य उगवण्याची दिशा. आणि 'तशरीक' म्हणजे गोश्ताच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवणे! ईदनंतरच्या ११, १२ आणि १३ या तारखांना 'अय्याम-ए-तशरीक' हे नाव त्यावरूनच पडले, असे कोशकार सांगतात.

अर्थ वाचला आणि दादीचे अंगण डोळ्यांपुढे उभे राहिले. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे व्हायचे : घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. घरच्या वाट्यातले हाडाविना, चरबी काढलेले गोश्त दादी लांब, पातळ पट्ट्यांत कापायची. मीठ, हळद, लसूण, तिखट चोळून रात्रभर ठेवायची आणि सकाळी सुतळीत ओवून दोन खांबांमध्ये बांधायची. वरून मलमलचा जुना दुपट्टा. कावळे हाकलायचे काम आम्हा पोरांचे. पट्टी काटकीसारखी कडकन मोडली की ती डब्यात जायची. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते. पावसाळ्यात आली की पट्ट्या चुलीवर, धुरात टांगल्या जात.

यामागचे शास्त्र साधे आहे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, ऊन आणि वारा ते उडवून लावतात. पाणी नसले की सडवणारे जंतू वाढू शकत नाहीत. पट्टी जाड राहिली तर बाहेरून वाळते आणि आतून नासते. म्हणून सारे कसब सुरीत.

अरबस्तानात या गोश्ताला 'कदीद' म्हणत. ते श्रीमंतांचे खाणे नव्हते. इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यासमोर आलेला एक माणूस भीतीने थरथरू लागला. आपण कोणी बादशहा नाही, कदीद खाणाऱ्या एका बाईचा मुलगा आहोत, असे सांगून त्यांनी त्याला धीर दिला. स्वतःच्या साधेपणाची खूण म्हणून त्यांना आईच्या ताटातले वाळलेले गोश्तच आठवले.

मदिनेतला दुसरा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. एका वर्षी लोक हलाखीत होते, ईदच्या सुमारास भुकेले बदू शहरात आले होते. तेव्हा पैगंबरांनी कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपलीकडे घरात ठेवायला मनाई केली. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, यंदाही तसेच करायचे का? उत्तर मिळाले : खा, खाऊ घाला आणि साठवाही, गेल्या वर्षी लोक अडचणीत होते, तुम्ही त्यांना मदत करावी एवढाच हेतू होता. म्हणजे साठवण्याची परवानगी शेजाऱ्याच्या भुकेशी जोडलेली होती. आम्ही परवानगी लक्षात ठेवली, तिचे कारण विसरलो.

मोरोक्कोत आजही ईदनंतर गच्च्यांवर कदीद वाळते. तुर्कस्तानात कायसेरीचा मेथी-लसणाचा लेप दिलेला पास्तिरमा प्रसिद्ध आहे. पण एवढ्या दूर कशाला जायचे? आपल्या मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत गोश्ताच्या अशाच पट्ट्यांना 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. गावातले मेलेले जनावर ओढण्याचे काम जातीने ज्यांच्या गळ्यात बांधले, त्यांच्या वाट्याला ते मांस आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते याच लाचारीविरुद्ध. आमच्या ईदचे गोश्त आणि त्यांच्या चान्या यांचा इतिहास एक नाही. पण गोश्त एकदमच येते आणि नंतर कित्येक दिवस येत नाही, हा अनुभव दोन्ही अंगणांचा होता. दोरी त्यातूनच आली.

आता अंगणे गेली, फ्लॅट आले. गोश्त उघड्यावर टांगायला मनही धजत नाही. फ्रीज आहे, मग वाळवायचे कशाला, असे सगळेच म्हणतात. आणि ते खरेच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे सांगितले. त्याच मुलीने पुन्हा हात वर केला, "टीचर, आता कुणी वाळवतच नाही, मग तशरीक उरली कुठे?"

मला दादीची दोरी आठवली. तिच्यावर किती पट्ट्या आहेत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचे. शेजारची बाई उंबऱ्यातूनच म्हणायची, "यंदा बरंच दिसतंय, खालाजान!" आणि दादी हसून चार पट्ट्या काढून तिच्या पदरात घालायची. फ्रीजरचे दार बंद असते. आत किती आहे, ते आपल्याशिवाय कुणालाच दिसत नाही.