बालमंदिराचे प्रवेशद्वार



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी सारे आयुष्य या शाळेच्या बालवर्गात घालविले. मराठीच्या प्राध्यापकाकडून आपली अपेक्षा एखाद्या वाङ्मयीन विषयाची असणार. परंतु आज मी लहान मुलाच्या पहिल्या शाळाप्रवेशाविषयी बोलणार आहे. 'नातू यंदा माँटेसरीत जातो' असे आपण सहज म्हणतो. ते एका इटालियन डॉक्टर स्त्रीचे आडनाव आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. पहिलीच्या आधीचा वर्ग, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आता उरला आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. चाळी एका गृहबांधणी संस्थेच्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले भिंती आणि जिने खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळले तर दुरुस्तीचा खर्च वाचेल, असा त्या संस्थेचा रोकडा हिशेब होता. थोर कार्याचा उगम असा व्यावहारिक असू शकतो. या बालगृहांची नियमावली माँटेसरीबाईंनी आपल्या पद्धतीविषयीच्या ग्रंथात दिली आहे, आणि माझ्या मते ती त्या ग्रंथातील फार बोलकी पाने आहेत. फी नाही. मुलाला काय येते, याची विचारणा नाही. अटी आहेत त्या सगळ्या पालकांना. मूल ठरल्या वेळी, अंगाने व कपड्याने स्वच्छ असे पाठवावे. संचालिकेचा मान राखावा. मुलाविषयी बोलण्यासाठी आईने तिच्याकडे येत राहावे. पालकांनी हे पाळले नाही तर मुलाचे नाव कमी होई. अस्वच्छ आलेल्या मुलालाही काढून टाकण्याची तरतूद तीत आहे. हे कलम मला नेहमीच खटकत आले आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्या बडोद्यात त्या सुमारास वेगळेच घडत होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्याला लावला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. हा क्रांतिकारक निर्णय होता, यात शंका नाही. पण ही सक्ती सातव्या वर्षापासून होती. त्याआधीचे मूल घरच्यांच्या हवाली. त्याच्या शिक्षणाचा विचार करणे हे राज्याचे काम मानले गेले नव्हते.

तो विचार अमरेलीजवळच्या चितळ गावी १८८५ साली जन्मलेल्या एका वकिलाने केला. गिजुभाई बधेका वढवाणला वकिली करीत. मुलगा झाला आणि त्याला कोठे शिकवावे, या काळजीतून ते माँटेसरींच्या ग्रंथापर्यंत पोचले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. मुलाला घालण्याजोगी शाळा दिसेना, म्हणून शाळा काढणारा हा बाप!

१९२३ साली एक मराठी स्त्री त्यांना येऊन मिळाली. ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला आल्या. विवाह मोडला होता, लहान मुलगी पदरी होती. गुजरातीत लिहून, गुजराती मुलांत राहून या मराठी बाई घडल्या. बडोदेकरांना यात काही नवल वाटणार नाही. आपणही मराठीत विचार करून गुजरातीत बाजारहाट करणारी माणसे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला आणि बालशिक्षणाचा हा विचार मराठीत रुजविला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ साली भारतात आल्या, तेव्हा आपल्याकडे या कामाला जवळजवळ दोन दशके झाली होती. त्याच वर्षी गिजुभाई वारले.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. १९८० साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही दुसऱ्या एका शहरात होतो. मुलगी तीन वर्षांची. नावाच्या पाटीवर 'माँटेसरी' असे ठळक लिहिलेल्या एका शाळेत तिला घालायचे ठरले. तेथे मुलाखत होती, तिची आणि आमचीही. टेबलावर रबरी शिक्के पडले होते. मुलीने ते जवळ ओढले आणि उंचीप्रमाणे एका ओळीत लावू लागली. समोरच्या बाईंनी शिक्के उचलून खणात टाकले व चित्र दाखवून इंग्रजीत रंग विचारला. मुलगी खणाकडे पाहत राहिली, बोलली नाही. प्रवेश मिळाला नाही. त्या शाळेला मी फारसा दोष देत नाही. रिक्षात बसल्यावर 'तोंड का उघडलं नाहीस?' म्हणून त्या पोरीवर ओरडलो तो मी होतो. लाकडी दट्ट्यांचा आणि मनोऱ्याचा माँटेसरींचा क्रम लावणे हाच मुळी आहे, हे मी नंतर पुष्कळ वर्षांनी वाचले. साहित्य उघड्या फळीवर मांडलेले असावे, मुलाने ते आपण होऊन उचलावे आणि ते त्यात रमले असता कोणी मध्ये बोलू नये, एवढीच त्या पद्धतीची पहिली मागणी. तीन वर्षांची मुलगी ती न शिकवता पुरी करीत होती आणि खोलीतल्या आम्हां तिन्ही मोठ्या माणसांना ते दिसले नाही.

यशपाल समितीने १९९३ साली बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात, अशी स्पष्ट शिफारस केली. त्या शिफारशीचे पुढे काय झाले, ते नातवंडांसाठी शाळांच्या दारांत उभे राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

आता ते अस्वच्छ मुलाचे कलम. १९४५ साली ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात. तेव्हा शिक्षिका वस्तीत गेल्या, मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले आणि अंगणातच शाळा मांडली. रोमचे साहित्य महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. जी अस्वच्छता रोमला नाव कमी करण्याचे कारण होती, ती बोर्डीला पहिला पाठ ठरली. या अंगणातून 'अंगणवाडी' आली. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना आखली, तेव्हा तेच नाव देशभर गेले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेला येणे जमेना, तर कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत तेथेच शाळा. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत ते काम पाहिले.

आपल्या बाई कोसबाडला कधी गेल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. पण शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्याच्या उन्हात, त्या नव्या मुलांच्या घरी जात, हे येथील अनेकांना आठवत असेल. १९५४ साली त्या आमच्या घरीही आल्या. मी पलंगाखाली जाऊन बसलो आणि त्या निघेपर्यंत बाहेर आलो नाही, असे आई सांगत असे. बाईंनी पन्हे घेतले, खाली वाकून एकदा माझ्याकडे पाहिले आणि आईला शाळेची वेळ सांगून त्या पुढच्या घरी गेल्या. जूनमध्ये माझे नाव पटावर होते.