साच्यातून उतरलेलं महायुद्ध

प्लॅस्टिकची खेळणी ओतायचा पोलादी साचा फार महाग पडतो. 1988 साली इंग्लंडमधल्या ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनीने ‘अडेप्टस टायटॅनिकस’ नावाचा खेळ काढला. इमारतींएवढे लढाऊ यंत्रपुरुष, आणि ते टेबलावरच्या थर्माकोलच्या घरांमधून एकमेकांवर तुटून पडणार. पण साचा एकाच यंत्रपुरुषाचा परवडला. म्हणजे खोक्यात सहा यंत्रपुरुष आणि सहाही एकाच तोंडावळ्याचे. मग शत्रू आणायचा कुठून? दोन्ही बाजूंना एकच फौज उभी करायची तर भाऊबंदकीवाचून गत्यंतर नाही. तेव्हा सम्राटाचा लाडका सेनापती होरस फितूर झाला, निम्मी फौज त्याला मिळाली आणि आकाशगंगेत यादवी माजली, अशी एक कथा रचली गेली. साचा वाचवण्यासाठी काढलेली ही पळवाट. त्याच यादवीवर 2006 ते 2024 या काळात 64 पुस्तकांची मालिका निघाली.

होरसची ही कथा ज्या खेळाच्या जगातली, त्या ‘वॉरहॅमर 40,000’च्या कादंबऱ्या हातात दिसल्या की जाणकार वाचक नाक मुरडतात: खेळण्यांची जाहिरात! आरोप खोटा नाही. ‘ब्लॅक लायब्ररी’ ही प्रकाशनसंस्था त्याच कंपनीची, 1997 मध्ये सुरू झालेली. पुस्तकात जो भेटतो त्याची दोन बोटं उंचीची मूर्ती सहसा दुकानात मिळते. मात्र या घराण्याची मुळं खणत गेलं की कंपनीच्या बरीच मागे जावं लागतं.

चतुरंग इथून इराणात गेला, तिथून युरोपात जाऊन बुद्धिबळ झाला. 1780 मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे गणिताचे शिक्षक हेल्विग यांनी त्याच बुद्धिबळाचा पट हजारावर घरांचा केला, त्यावर नद्या-डोंगर मांडले, तोफा आणल्या. 1812 मध्ये प्रशियातल्या फॉन राइसविट्झ यांनी खुद्द राजासाठी असा खेळ बनवला. खणाखणांचं एक लाकडी कपाट, वर टेबल, आणि जमिनीचे चौकोनी तुकडे जुळवून हवं ते रणांगण. घरं गेली, मोजपट्टी आली. 1824 मध्ये त्यांच्या मुलाने, तोफखान्यातल्या लेफ्टनंटने, हा खेळ कागदी नकाशावर उतरवला. एक चाल म्हणजे दोन मिनिटांचं युद्ध. सेनाप्रमुख म्युफलिंग आधी कंटाळलेल्या चेहऱ्याने बघत होते, खेळ संपेपर्यंत असे भारावले की सगळ्या सैन्याने तो शिकावा अशी शिफारस करून बसले. पोराच्या वाट्याला मात्र सुख आलं नाही. 1827 मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

या खेळात एक माणूस कोणत्याच बाजूचा नव्हता, तो म्हणजे पंच. खेळाडू चिठ्ठीवर हुकूम लिहून द्यायचे आणि पंच फासे टाकून काय झालं ते सांगायचा. धुक्यात कोण दिसलं, पूल पडला की टिकला, हे त्याच्याच तोंडून कळायचं. माझ्या मते कादंबरीचं बीज इथे आहे. सोंगट्या हलवणारे दोघे आणि गोष्ट सांगणारा तिसरा.

एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’मध्ये हा खेळ घरातल्या फरशीवर आणला: पोकळ शिशाचे शिपाई, स्प्रिंगची तोफ आणि तिच्यातून सुटणारी लाकडी गोळी. जो शिपाई आडवा पडला तो मेला. हे पुस्तक 1913 सालचं, खरं युद्ध पुढच्याच वर्षी पेटलं. वेल्सच्या खेळात पंचाचं फारसं काम उरलं नव्हतं. पंच परत आला तो अमेरिकेत. 1880 सालची एक लष्करी खेळाची पोथी वाचून डेव्हिड वेसली यांनी 1969 मध्ये एक डाव मांडला. त्यात बऱ्याच खेळाडूंकडे फौज नव्हती, एकेकच माणूस होता. त्या टोळक्यातले डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्सना भेटले आणि 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मला. पंचाचा पुरता निवेदक झाला. निवेदक आला की पुस्तक किती लांब राहतं? या खेळाच्या जगात घडणारी पहिली कादंबरी आन्द्रे नॉर्टन यांची, 1978 ची. लढाऊ यंत्रांच्या ‘बॅटलटेक’ खेळावरची पहिली 1986 ची.

ब्रिटिश शाखा जरा वाकड्या वळणाची. 1987 मध्ये रिक प्रीस्टली यांनी ‘वॉरहॅमर 40,000’ लिहिला तेव्हा त्यात सगळ्यांची उधारी होती. हाइनलाइनच्या 1959 च्या कादंबरीतलं चिलखत, ‘ड्यून’चा सम्राट, मूरकॉकचं अनागोंदीचं दैवत आणि ‘2000 एडी’ या चित्रकथा-साप्ताहिकाचा खवचटपणा. सम्राट दहा हजार वर्षं सिंहासनावर अर्धमेला बसलेला, त्याच्या नावाने कारकून आणि धर्मगुरू कोट्यवधी माणसं मारतात. ही उघड चेष्टा होती. पुढे ती गंभीरपणे वाचणारे वाचक निघाले, आणि अधूनमधून तसे लेखकही निघाले, ही या घराण्यातली सगळ्यात अवघड जागा.

सुरुवातीच्या पुस्तकांत चांगले चांगले लेखक होते. इयन वॉटसनसारखा नावाजलेला विज्ञानकथाकार 1990 मध्ये ‘इन्क्विझिटर’ लिहून गेला. त्याची गद्यशैली इतकी विचित्र आणि मांसल आहे की खेळ नंतर वेगळ्या वाटेने गेला तेव्हा ती पुस्तकं घरच्यांनाच अडचणीची वाटू लागली.

घडी बसवली ती डॅन ॲबनेट यांनी. मूळचे चित्रकथा लिहिणारे. 1999 मध्ये त्यांची ‘फर्स्ट अँड ओन्ली’ आली आणि मालिका सुरू झाली. टॅनिथ नावाचा जंगलाचा ग्रह. फौज उभी राहते त्याच दिवशी शत्रू ग्रह जाळतो. कर्नल-कमिसार गॉन्ट लढत मरण्याऐवजी माणसं घेऊन निघतो. जीव वाचलेले तेच शिपाई त्याच्यावर जळत राहतात. मेजर रॉन तर त्याला मारायची शपथ वाहून बसलेला. खेळाच्या जगात देवांसारखे चिलखती वीर असताना ॲबनेटनी निवडले ते पायदळातले साधे, मरणारे लोक.

वाचक या मालिकेला अंतराळातला ‘शार्प’ म्हणतात ते उगीच नव्हे. बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांतला रिचर्ड शार्प हा रायफलधारी टोळीचा म्होरक्या, शिपायापासून चढत अधिकारी झालेला. आणि तो चढतो कुठे? असईत. जालना जिल्ह्यात, 23 सप्टेंबर 1803 ला, दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीचा जीव वाचवून. ती लढाई कॉर्नवेलनी 1998 मध्ये लिहिली, पाठोपाठ चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. आपल्या इतिहासात ही हार आहे, त्यांच्या कादंबरीत नायकाची बढती. वाचताना मला हे टोचतं, पण पानं उलटायची थांबत नाहीत.

या घराण्यातला दुसरा लोकप्रिय वीर कायफस केन. सँडी मिचेल यांचा हा कमिसार पक्का भित्रा. पळायला निघतो आणि दरवेळी पराक्रमाच्या मधोमध जाऊन पडतो. त्याच्या आठवणींना एका तपास-अधिकारी बाईच्या खवट तळटीपा आहेत. हा साचा फ्लॅशमनचा. आणि जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर यांचा फ्लॅशमन 1975 च्या कादंबरीत पोचतो थेट झाशीला, लक्ष्मीबाईंच्या दरबारी. म्हणजे दोन्ही वीरांचे साहित्यातले आजे आपल्या अंगणातून गेलेत.

या पुस्तकांची मर्यादाही टेबलावरूनच येते. कोणतीही बाजू कायमची हरली तर तिच्या मूर्ती कोण घेणार? म्हणून मुख्य युद्ध संपत नाही. चांगला लेखक मग खालच्या पायरीवर उतरतो, एका तुकडीपर्यंत. टेबलावर पडलेला शिपाई डाव संपला की खोक्यात जातो आणि रविवारी पुन्हा उभा राहतो. ॲबनेटचा थोराड ब्रॅग, ज्याचा नेम कधी लागत नाही, पाचव्या पुस्तकात मरतो तो मेलाच.

होरसची मालिका अपवाद. तिचा शेवट पहिल्या पानाआधीच सगळ्यांना ठाऊक होता. महाभारताच्या कीर्तनाला बसणाऱ्याला दुर्योधनाचं काय होतं हे माहीत असतं, तरी तो उठत नाही, तसंच हे. 2006 मध्ये ‘होरस रायझिंग’ने ॲबनेटनीच सुरुवात केली, शेवटही त्यांच्याकडे आला आणि एका पुस्तकात मावेना, तीन खंड झाले. तोवर गंगा उलटी वाहू लागली होती. 2021 मध्ये गॉन्ट आणि त्याच्या साथीदारांच्या प्लॅस्टिक मूर्ती बाजारात आल्या. 2022 मध्ये होरसच्या यादवीच्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, खोकं भरून जुन्या धाटणीच्या चिलखतातले सैनिक. दोन्ही बाजूंना आजही तेच सैनिक चालतात. फक्त आता साच्याचा खर्च कंपनीला जड जात नाही.