लमाणांचा तांडा आणि सारथ्यावांचून गाडी

खंडाळ्याच्या घाटांत सकाळच्या वेळीं घटकाभर उभें राहिलें, तर एकाच डोंगराच्या अंगावर तीन काळांचे मार्ग दृष्टीस पडतात. सर जॉन माल्कम यानें 1830 सालीं खुला केलेला गाडीरस्ता हा पहिला. 1863 च्या एप्रिलांत सुरू झालेली आगगाडीची चढण ही दुसरी. आणि 2002 सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग हा तिसरा. या तिहींच्याहि आधींची एक चौथी वाट होती. ती कोणा अधिकाऱ्यानें आंखली नव्हती. बैलांच्या खुरांनीं ती आपोआप पडली होती. तिच्यावरून कोंकणचें मीठ देशावर चढे व देशावरचें धान्य कोंकणांत उतरे. ती वाट आतां बहुतेक ठिकाणीं झुडपांत बुजून गेली आहे, आणि तिच्यावरून शेंकडों वर्षें माल वाहणारे लोकहि समाजाच्या स्मृतींतून तसेच बुजून गेले आहेत.

या लोकांची आठवण आज करण्यास एक निमित्त घडलें आहे. अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत डल्लस व ह्यूस्टन या दोन शहरांमध्यें सुमारें 200 मैलांचा हमरस्ता आहे. 2025 च्या एप्रिलअखेरीस त्या रस्त्यावर अरोरा नांवाच्या कंपनीनें हांकणाऱ्यावांचून मालमोटार सोडली व तिच्यांतून भाड्याचा माल नेण्यास प्रारंभ केला. ही बातमी वाचून कित्येकांस विस्मय वाटला, कित्येकांस भय वाटलें. ज्या देशांत नुसत्या अवजड मालमोटारी हांकून पोट भरणारांची संख्या वीस लाखांच्या घरांत आहे, तेथें हें भय अकारण नाहीं; आणि आपल्या देशांत तर असल्या संसारांची गणती याहून पुष्कळच मोठी आहे. तेव्हां या धंद्याचें पुढें काय होणार, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. भविष्य वर्तविण्याची विद्या इतिहासापाशीं नाहीं. तथापि अशाच एका धंद्याचें पूर्वीं काय झालें, हें तो पुराव्यानिशीं सांगूं शकतो. म्हणून प्रथम लमाणांचीच हकीकत पाहूं.

लमाण किंवा बंजारा हा मोगल व मराठे यांच्या काळीं हिंदुस्थानचा चालता कोठार होता. सतराव्या शतकांत या देशांत फिरलेला टॅव्हर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो, कीं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे त्याला वाटेंत भेटत, आणि अरुंद जागीं गांठ पडली तर ते पुढें निघून जाईपर्यंत प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावें लागे. गहूं, तांदूळ, डाळ व मीठ या चार जिनसा वाहणारे चार निरनिराळे वर्ग असल्याचेंहि त्यानें नमूद केलें आहे. तांड्याचा नाईक हाच त्यांचा न्यायाधीश, सेनापति व अडत्या. बैल वाटेनें चरत चालत. त्यामुळें वैरणीचा खर्च नसे, व बैलाच्या पाठीवर गोणी असल्यामुळें रस्त्याचीहि गरज नसे. वऱ्हाडचा कापूस या रीतीनें थेट गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. फौजांचें तर यांच्यावांचून पाऊल पुढें पडत नसे. 1803 सालच्या मोहिमेंत आर्थर वेलस्ली यानें शिंदे व भोसले यांच्याशीं युद्ध केलें, तेव्हां त्याच्या लष्कराचें धान्य लमाणांच्याच बैलांवर अवलंबून होतें. शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेंत आला असतां त्यानें लमाणांच्या नाईकांस सोनेरी अक्षरांचा ताम्रपट देऊन पाणी, गवत व दिवसास तीन खून माफ केले, अशी एक परंपरा त्या लोकांत चालत आली आहे. ताम्रपट खरा असो वा नसो, राज्यकर्त्यांस त्यांची किती गरज होती हें त्या परंपरेवरून कळून येतें.

अशा धंद्याचा नाश एका घावानें झाला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पहिला घाव सडकेनें घातला. घाटांतून गाडी जाऊं लागतांच, एका गाडीवर दोन बैल जितका माल नेत, तितक्यास गोणीचे अनेक बैल लागत. म्हणून सपाटीवरचा माल गाडीवानाकडे गेला. दुसरा घाव आगगाडीचा. 1853 सालीं ती बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत 21 मैल गेली. दहा वर्षांत तिनें बोरघाट चढला, आणि 1867 सालीं ती नागपुरास पोंचली. लमाणांचें खरें उत्पन्न लांबच्या पल्ल्यावर होतें. तोच पल्ला आगगाडीनें घेतला. तिसरा घाव फारसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. 1878 च्या जंगलच्या कायद्यानें राखीव राने वाढत गेलीं, गायरानें आंखडलीं, आणि वाटेंतला फुकटचा चारा महाग झाला. पहिल्या दोन घावांनीं गिऱ्हाईक नेलें. या तिसऱ्यानें भांडवलच नेलें.

येथें एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. आगगाडी आल्यावर बैलगाडी मात्र मेली नाहीं. उलट, स्टेशनापर्यंत माल आणण्यास व स्टेशनावरून बाजारांत नेण्यास गाड्यांची मागणी वाढली. यंत्रानें मधला लांब, सरळ व एकसुरी पल्ला गिळला, आणि दोन्ही टोंकांचें तुटक काम माणसांकडे ठेविलें. गाडीवानाचें घर गांवांत होतें, त्याची शेती होती, स्टेशनाची ओळख होती. त्याला तें टोंकाचें काम साधलें. लमाणाचें घर म्हणजे वाटच. ती तुटल्यावर त्याला टोंक उरलें नाहीं.

पुढची हकीकत दुःखकारक आहे. काम नसलेला, पण फिरणारा माणूस सरकारच्या दृष्टीनें संशयास्पद ठरतो. 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. 1911 सालीं तो सर्व हिंदुस्थानास लागू करण्याजोगा झाला, आणि कांहीं प्रांतांत लमाणांचीहि गणना त्याखालीं करण्यांत आली. ज्यांच्या भरंवशावर फौजा चालत, त्यांच्या नातवांस पोलिसांकडे हजेरी देण्याची वेळ आली. 1952 सालीं तो कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. याच समाजांतून आलेले वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु आजहि दरवर्षीं ऊस तोडण्यासाठीं बायकामुलांसह कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्यांत लमाण कुटुंबें पुष्कळ असतात, हेंहि तितकेंच खरें. धंदा गेल्यास दीडशें वर्षें होऊन गेलीं, तरी त्या तोट्याची भरपाई पुरी झालेली नाहीं.

आतां मालमोटारीकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानांत लॉऱ्या वाढूं लागल्या, आणि 1930 नंतरच्या दशकांत त्यांनीं आगगाडीचाच माल ओढूं लागण्याइतकी मजल मारली. 1939 च्या मोटारवाहन कायद्याच्या मुळाशीं रस्ता व रूळ यांची ही स्पर्धा बऱ्याच अंशीं होती. 1954 सालीं जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यांतून जर्मन कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी बाहेर पडूं लागल्या, आणि लमाणाची जागा खऱ्या अर्थानें ड्रायव्हर व क्लीनर या जोडीनें घेतली. घर सोडून महिनोन्महिने वाटेवर राहणें, ढाब्यावर जेवणें, गाडींतच निजणें, हें जुनें तांड्याचेंच जीवन. फक्त बैलांच्या ठिकाणीं इंजिन आलें. 1961 सालीं मोटारवाहतूक कामगारांचा कायदा होऊन दिवसास आठ तासांची मर्यादा ठरली. परंतु तो कायदा पांच किंवा अधिक कामगार असणाऱ्या धंद्यांसच आपोआप लागू पडे, आणि आपल्याकडील बहुतेक मालमोटारी एक-दोन किंवा चार गाड्यांच्या लहान मालकांच्या आहेत. यास्तव कायद्याच्या पुस्तकांत आठ तास व रस्त्यावर सोळा तास, असा प्रकार फार दिवस चालत आला आहे.

सारथ्यावांचून गाडीचा इतिहास याहून पुष्कळ अलीकडचा आहे. 2004 सालीं अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें मोहावी वाळवंटांत स्वयंचलित गाड्यांची शर्यत लाविली. तींत एकहि गाडी आठ मैलांपलीकडे गेली नाहीं. पुढच्याच वर्षीं पांच गाड्यांनीं सबंध मार्ग पुरा केला. 2008 पासून पश्चिम ऑस्ट्रेलियांतील लोखंडाच्या खाणींत प्रचंड गाड्या माणसावांचून फिरूं लागल्या. 2016 सालीं कोलोराडो संस्थानांत एका मालमोटारीनें बियरचे 50,000 डबे सुमारें 120 मैल नेले. हांकणारा हमरस्त्यावर मागच्या बाजूस बसून होता. त्यानंतर 2025 सालचा टेक्ससमधील प्रयोग. परंतु तेथेंहि थोड्याच दिवसांत मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या आग्रहावरून देखरेखीसाठीं माणूस पुन्हां पुढच्या बैठकीवर बसविण्यांत आला. मधल्या काळांत या धंद्यांत उतरलेल्या कित्येक कंपन्या बुडाल्या. म्हणजे प्रगति आहे, पण ती घाट चढणाऱ्या गाडीसारखी, थांबत थांबत.

या घटनांचा क्रम पाहिला असतां आगगाडीचीच रीत येथें दिसते. यंत्र प्रथम खाणींत व बंदरांच्या आवारांत शिरलें, कारण तेथें परका माणूस येत नाहीं. नंतर तें सरळ हमरस्त्यावर आलें. गल्ल्या, बाजार, माल चढविणें-उतरविणें, कागदपत्रें, पाऊसपाणी व वाटेंतले तंटे हीं टोंकांचीं कामें माणसाकडेच राहिलीं. आपल्या रस्त्यांवर गाय, बैलगाडी, रिक्षा व उलट दिशेनें येणारा दुचाकीस्वार हे सारे एकत्र नांदतात. शिवाय ड्रायव्हराचा पगार इतका थोडा आहे, कीं महाग यंत्र घेऊन तो वांचविण्यांत मालकास फारसा फायदा नाहीं. म्हणून हें संकट आपल्याकडे उशीरा येईल, असें मानण्यास जागा आहे. परंतु उशीरा येणारें संकट येतच नाहीं असें समजणें, ही लमाणांचीहि चूक होती. 1830 सालीं घाटांत सडक झाली, तेव्हां आगगाडीस अजून तेहेतीस वर्षें होतीं.

कोणी म्हणतील, कीं यंत्र जितकीं कामें घेतें त्याहून अधिक नवीं देतें. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. बोरघाट फोडण्यास हजारों मजूर लागले. पुढें रेल्वेनें लाखों लोकांस नोकऱ्या दिल्या. पण बोगदा खणतांना पटकीनें मेलेला मजूर, पगारी स्टेशनमास्तर व बैल विकून बसलेला लमाण हीं तीन निराळीं माणसें होतीं. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्यांतून वजा करून जमाखर्च बरोबर आला, असें हिशेबनिसानें म्हणावें. इतिहासकारानें म्हणूं नये.

याच्या उलट असें एक उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलें. 1956 सालीं माल्कम मॅक्लीन यानें 58 पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनास पाठविल्या. हा गृहस्थ मूळचा मालमोटारवालाच. त्या पेट्यांनीं गोदी-कामगारांचा जुना धंदा पालटून टाकला. हॅरी ब्रिजेस याच्या नेतृत्वाखालील गोदी-संघानें यंत्रास नुसता विरोध केला नाहीं. 1960 सालीं मालकांशीं करार करून यंत्रें येऊं दिलीं, आणि त्यांच्या मोबदल्यांत साडेपांच वर्षांत सुमारें 2 कोटि 90 लाख डॉलरांचा निधि मिळविला. त्यांतून लवकर निवृत्त होणारांस रक्कम व उरलेल्यांस किमान वेतनाची हमी मिळाली. हा करारहि निर्दोष नव्हता. नोंदणींतील पहिल्या वर्गाबाहेरचे कामगार त्या लाभास मुकले. परंतु यंत्राच्या नफ्यांतला वांटा, यंत्र येण्यापूर्वीं मागितला तरच मिळतो, हा धडा त्यावरून निघतो. आणि तो मागण्यास नोंद व संघ हीं दोन साधनें लागतात. लमाणांपाशीं तांडा होता. परंतु नव्या सरकारच्या दप्तरांत त्यांचें नांव हजेरीपुरतेंच शिरलें.

आपल्या ड्रायव्हरांची स्थिति आज या दोहोंच्या मध्यें आहे. अपघात करून पळून जाण्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध 1 जानेवारी 2024 रोजीं त्यांनीं गाड्या उभ्या केल्या, तेव्हां दोनच दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या व सरकारास बोलणीं करावीं लागलीं. एकत्र येण्याची शक्ति त्यांच्यांत आहे, हें यावरून सिद्ध होतें. केंद्रीय रस्तेवाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीं 2017 सालीं व पुन्हां 2023 सालीं, लोकांच्या नोकऱ्या जातात म्हणून चालकरहित गाड्यांस या देशांत परवानगी मिळणार नाहीं, असें सांगितलें. हेतु चांगला आहे. परंतु मंत्र्याचें आश्वासन हा एक प्रकारचा आसफखानाचा ताम्रपटच होय. गरज असते तोंवर राज्यकर्ता सोन्याच्या अक्षरांनीं लिहितो. गरज सरली कीं तें तांबें विकावें लागतें. त्याहून प्रत्येक ड्रायव्हराची नोंद, त्याच्या नांवावर भविष्यनिर्वाहनिधि, टोंकांच्या कामांचें शिक्षण, आणि सारथ्यावांचून धांवणाऱ्या गाडीच्या प्रत्येक मैलामागें हांकणाऱ्यांच्या निधींत कांहीं ठराविक पट्टी, इतकें कायद्यानें आजच झालें, तर तें अधिक टिकाऊ होईल.

खंडाळ्याच्या घाटांत अजून रात्रंदिवस मालमोटारी चढतात. चढणीवर त्यांचा आवाज जड होतो, आणि दिव्याच्या उजेडांत आंतला माणूस क्षणभर दिसतो. त्या घाटानें एकदां आपल्या वाहकांस निरोपहि न देतां घालवून दिलें आहे. दुसऱ्या वेळीं तसें होऊं नये, एवढी शिकवण पहिल्यापासून घेतली, तरी झुडपांत बुजलेल्या त्या चौथ्या वाटेचें ऋण थोडें फिटेल.